विहिरींच्या पाणीपातळीसाठी पायथनमध्ये प्लॉटिंगचा पातळ लेयर : किती पातळ ठेवायचा?

विहिरीकाठी

मोर्शी तालुक्यातल्या आमच्या गावात काही विहिरींवर पातळीची नोंद घेणारे लॉगर बसवले आहेत. दाब मोजणारा सेन्सर पाण्यात बुडालेला असतो आणि दर पंधरा मिनिटांनी एक नोंद होते. हा संत्र्याचा पट्टा. त्यामुळे गावाचं लक्ष दोन गोष्टींवर असतं: अंबिया बहाराची फळं झाडावर असताना एप्रिल-मेमध्ये विहीर किती खाली जाते, आणि मृगाचा पाऊस झाल्यावर ती वर यायला कधी लागते.

नोंदी नेटसीडीएफ (अनेक मितींचा डेटा साठवायचा प्रकार) फाइलींमध्ये आहेत, उघडतो एक्सअरेने, म्हणजे असा डेटा हाताळणाऱ्या पायथनच्या लायब्ररीने. एक मिती विहिरीची, दुसरी वेळेची. विहिरीची जागा, खोली, कठड्याची उंची हे सगळं त्याच डेटासेटमध्ये निर्देशांक म्हणून बसलेलं आहे. इथपर्यंत काही अडचण नाही.

अडचण आलेखांची आहे. महिन्याच्या शेवटी ग्रामपंचायतीत आलेख लावतो. तो काढणारी मुलंमुली वेगवेगळी, प्रत्येकाची नोटबुक (कोड लिहून चालवायची फाइल) वेगळी. एकाच्या आलेखात पाणी खाली गेलं की रेघ वर जाते, दुसऱ्याच्या आलेखात खाली. एकाच्या अक्षावर 'मीटर' लिहिलेलं, दुसऱ्याच्या अक्षावर काहीच नाही. भिंतीवर दोन आलेख शेजारी लागले की बघणाऱ्याला दोन उलट गोष्टी दिसतात.

म्हणून मॅटप्लॉटलिब या आलेख काढणाऱ्या लायब्ररीच्या वर एक पातळ लेयर, म्हणजे मधला छोटा कोड, लिहून राहिलो. माझं मत असं की या लेयरला स्वतःचं काहीही माहीत नसावं. राशी कोणती, एकक काय, वाढ वरच्या दिशेने की खालच्या, हे सगळं डेटाच्या वस्तूवर, तिला चिकटवलेल्या चिठ्ठीसारखं, अ‍ॅट्रिब्यूट म्हणून लिहिलेलं असावं. लेयरने ते वाचावं, मॅटप्लॉटलिबला सांगावं आणि मॅटप्लॉटलिब जे परत देईल तेच पुढे द्यावं. पण रेषा नेमकी कुठे आखायची? कोणतं काम लेयरचं आणि कोणतं नाही? ज्यांनी असं काही बांधलं आहे त्यांनी सविस्तर लिहावं.

पुण्यातला_वऱ्हाडी

एक्सअरेच्या वस्तूला प्लॉट आधीच आहे की. एक मिती असेल तर रेघ, दोन असतील तर रंगीत जाळी, त्याहून जास्त असतील तर हिस्टोग्राम. अक्षावरचं नाव ते लाँग_नेममधून घेतं, ते नसेल तर स्टँडर्ड_नेम, तेही नसेल तर व्हेरिएबलचं नाव, आणि एकक चौकटी कंसात टाकतं. वेगळा लेयर काहून पाहिजे?

विहिरीकाठी

@पुण्यातला_वऱ्हाडी, ते वापरतोच, आणि लेयरच्या आत रेघ काढायचं काम तेच करेल. तरी तीन गोष्टी उरतात.

पहिली, आमचा डेटा दोन मितींचा आहे. नुसतं प्लॉट म्हटलं की विहीर आणि वेळ यांची रंगीत जाळी समोर येते. आम्हाला दर वेळी रेघाच हव्या असतात, म्हणजे एक्सच्या जागी वेळ आणि ह्यूच्या (रंग ठरवणाऱ्या पॅरामीटरच्या) जागी विहीर द्यायची हे प्रत्येकाने लक्षात ठेवायचं. दुसरी, खोलीचा अक्ष उलटा करायला वायइन्क्रीज फॉल्स द्यावं लागतं. आणि तिसरी सगळ्यात महत्त्वाची, नोंदींमधली खिंडारं. लॉगर बंद पडला तर त्या काळातल्या ओळीच फाइलमध्ये नसतात. मॅटप्लॉटलिब आधीच्या शेवटच्या बिंदूपासून पुढच्या पहिल्या बिंदूपर्यंत सरळ रेघ ओढतं. मे महिन्यातले दहा दिवस गायब असले तरी आलेखात विहीर संथपणे, एका चालीत उतरलेली दिसते. प्रत्यक्षात त्या दहा दिवसांत मोटर किती चालली आणि पाणी किती वेळा खाली-वर झालं, याची कुणाकडेच नोंद नाही.

अक्षांशरेखांश

हवामानाच्या डेटासाठी असा लेयर बरीच वर्षं वापरतोय. जे टिकलं ते लिहितो.

फंक्शनला एएक्स (आलेखाची चौकट) हा पॅरामीटर हवाच, आणि तो ऐच्छिक ठेवा. दिला तर त्या चौकटीत काढायचं, नाही दिला तर चालू चौकट घ्यायची. आतून फिगर तयार करणारं फंक्शन दुसऱ्या आलेखाशेजारी बसवता येत नाही, आणि तुम्हाला आज ना उद्या पातळीच्या वर पाऊस लावायचाच आहे. उरलेले सगळे की-वर्ड पॅरामीटर जसेच्या तसे मॅटप्लॉटलिबकडे जाऊ द्या. रेघेची जाडी, रंग, पारदर्शकता यांना स्वतःची नावं देऊ नका. तुम्ही 'जाडी' असा पॅरामीटर केला की मॅटप्लॉटलिबमध्ये वाचलेलं सगळं तुमच्या लेयरमध्ये निरुपयोगी होतं, आणि इंटरनेटवर सापडलेलं उत्तरही लागू पडत नाही.

परत देताना रेघेचे आर्टिस्ट, म्हणजे काढलेल्या रेघांच्या वस्तू, द्या. आत शो करायचं नाही, सेव्ह करायचं नाही. आरसीपॅराम्स (मॅटप्लॉटलिबची सेटिंग्ज) जागतिक पातळीवर बदलायचे नाहीत. शैली लागलीच तर संदर्भापुरती लावून काढून घ्यायची. तुमची लायब्ररी इम्पोर्ट केल्याने दुसऱ्याच्या नोटबुकमधल्या आलेखांचा फॉन्ट बदलला तर तो तुमच्याकडे परत येणार नाही.

आता रचना. (डेटाअ‍ॅरे म्हणजे एक्सअरेची नावं-निर्देशांकांसह आकडे ठेवणारी वस्तू.) डेटाअ‍ॅरेचा सबक्लास करू नका. एक्सअरेचे लेखकच तसं सुचवत नाहीत, कारण बहुतेक क्रियांनंतर नवी वस्तू तयार होते आणि सबक्लास टिकेल याची खात्री नसते. त्याऐवजी अ‍ॅक्सेसर नोंदवा. तो म्हणजे मूळ वस्तूला नावाने जोडलेला जादा भाग: एक साधा क्लास, वर रजिस्टर-डेटाअ‍ॅरे-अ‍ॅक्सेसरचा डेकोरेटर, नाव 'विहीर'. मग कुठल्याही डेटाअ‍ॅरेवर डॉट विहीर डॉट रेघ असं लिहिता येतं. अ‍ॅक्सेसर त्या वस्तूपुरता एकदाच तयार होऊन साठवला जातो, म्हणून त्यात बदलती स्थिती ठेवू नका. आत फक्त मूळ वस्तूचा संदर्भ असू द्या.

आयरिस नावाची ब्रिटिश हवामान खात्याची लायब्ररी बघून घ्या. त्यांनी दोन मॉड्यूल वेगळी ठेवली आहेत. एकात नुसतं रेखाटन. दुसऱ्यात, क्विकप्लॉटमध्ये, तीच फंक्शनं तीच नावं घेऊन आहेत, फक्त शीर्षक, अक्षांची नावं आणि रंगपट्टी आपोआप येते. ही फोड मला अजूनही सगळ्यात स्वच्छ वाटते.

संत्रापट्टा

भाऊ, मी वरूडकडचा. कोड मले थोडाच येते, पण आमच्या इकडे पानी फाउंडेशनच्या 2016 च्या पहिल्या वॉटर कपपासून लोक विहिरीची पातळी मोजाले लागले. मले एकच सांगा. माह्या पोरीनं आलेख काढला तर तिनं एक ओळ लिहावी अन् व्हॉट्सअ‍ॅपवर टाकाले चित्र तयार व्हावं. शीर्षक, तारीख, सगळं त्यातच पाहिजे. आर्टिस्ट परत घेऊन ते काय करन?

विहिरीकाठी

@संत्रापट्टा दादा, तुमचं म्हणणं अगदी रास्त आहे, आणि आयरिसवाली फोड त्यालाच उत्तर आहे. खालचा लेयर नुसती रेघ काढेल. त्याच्या वर 'झटपट' नावाचं एक छोटं फंक्शन असेल, ते खालच्याला बोलावेल, शीर्षक लावेल आणि फाइल साठवेल. तुमच्या ताईने झटपट वापरावं. ज्याला पावसासोबत, दोन वर्षं एकावर एक ठेवून काही करायचं आहे त्याने खालचं वापरावं. झटपटमध्ये असं काहीही नसेल जे खालच्या लेयरच्या दोन-चार ओळींनी करता येत नाही. ही अट मी कटाक्षाने पाळणार आहे.

भूजलताई

मी भूजलाच्या सर्वेक्षणात काम केलेलं आहे, म्हणून डेटाच्या बाजूने बोलते. तुमचा लेयर अ‍ॅट्रिब्यूटवर विसंबणार आहे, तर अ‍ॅट्रिब्यूटमध्ये काय असायला हवं ते आधी ठरवा.

सेन्सर पातळी मोजत नाही, दाब मोजतो. साधारण 9.8 किलोपास्कल म्हणजे एक मीटर पाणी. सेन्सरला हवेची नळी नसेल तर त्यात हवेचा दाबही मिसळलेला असतो, तो वजा करावा लागतो. हवेचा दाब एक हेक्टोपास्कलने हलला तर पातळीत सुमारे एक सेंटिमीटरचा फरक दिसतो. मग केबलच्या लांबीतून पाण्याचा स्तंभ वजा केला की कठड्यापासूनची खोली मिळते. कठड्याची उंची वजा केली की जमिनीपासूनची. शासनाच्या भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या निरीक्षण विहिरींचे आकडे जमिनीपासूनचे असतात. तुमच्या लॉगरचे आकडे कठड्यापासूनचे राहिले आणि दोन्ही एका आलेखात आले तर कठड्याएवढा फरक 'पाणी खाली गेलं' म्हणून वाचला जाईल.

हे रूपांतर आलेखाच्या लेयरमध्ये टाकू नका, असं माझं ठाम मत आहे. ते तयारीच्या टप्प्यात, वेगळ्या फंक्शनमध्ये व्हावं आणि निकालाच्या अ‍ॅट्रिब्यूटमध्ये संदर्भपातळी (कठडा की जमीन) लिहिली जावी. आलेखाच्या लेयरने एवढंच करावं: एकाच चौकटीत वेगवेगळ्या संदर्भपातळीच्या दोन मालिका आल्या तर एरर देऊन थांबावं.

अक्षांशरेखांश

@भूजलताई, पूर्ण सहमत. एक जोड. सीएफ संकेतांमध्ये (हवामानाच्या डेटा-फाइलींत नावं-एककं कशी लिहायची याचे नियम) 'पॉझिटिव्ह' हे अ‍ॅट्रिब्यूट आहे, किंमत 'डाउन' किंवा 'अप'. पण ते उभ्या निर्देशांकासाठी आहे, मोजलेल्या राशीसाठी नाही. @विहिरीकाठी यांनी ते पातळीच्या व्हेरिएबलवर लावलं तर चालेल, पण तो त्यांचा खासगी संकेत ठरेल. त्यापेक्षा सीएफच्या यादीत 'वॉटर टेबल डेप्थ' हे स्टँडर्ड नेम आहे, एकक मीटर. लेयरने ते बघून अक्ष उलटा करावा. तसं केलं तर दुसऱ्या जिल्ह्यातून, दुसऱ्या माणसाने केलेली फाइल आली तरी काही न सांगता आलेख बरोबर येईल.

रब्बी_हरभरा

सरासरी काढली की अ‍ॅट्रिब्यूट उडून जातात, त्याचं काय? आठवड्याची सरासरी काढून प्लॉट केलं तर नाव नाही, एकक नाही, तुमच्या योजनेप्रमाणे अक्षही सरळ.

पुण्यातला_वऱ्हाडी

कीप_अ‍ॅट्रिब्यूट्स ट्रू करा. एक्सअरेच्या आवृत्तीप्रमाणे त्याची मूळ किंमत वेगळी असू शकते, म्हणून गृहीत न धरता स्पष्ट लिहिलेलं बरं. सेट_ऑप्शन्सने एका विथ ब्लॉकपुरतं लावता येतं.

विहिरीकाठी

@रब्बी_हरभरा, हा प्रश्न फार मोलाचा आहे. सगळं ज्ञान वस्तूवर ठेवायचं म्हटलं की वस्तूवरून ते गळून पडण्याची प्रत्येक जागा धोक्याची होते. माझा निर्णय असा: लेयरने अंदाज करायचा नाही. स्टँडर्ड नेम किंवा एकक नसेल तर आलेख काढायचा नाही, एरर द्यायची, आणि एररच्या संदेशात मराठीत लिहायचं की 'या मालिकेवर एकक नाही, सरासरी काढताना अ‍ॅट्रिब्यूट राखले का ते पाहा'. अर्धवट आलेख भिंतीवर जाण्यापेक्षा आलेख न निघालेला परवडला.

उलट दिशेलाही लक्ष द्यावं लागेल. वर्गमूळ किंवा फरक काढल्यावर जुनं स्टँडर्ड नेम तसंच राहिलं तर तेही चुकीचं. मागच्या वर्षीच्या मेपेक्षा या मेमध्ये विहीर किती खाली, हा फरक 'खोली' नाही. त्याला तयारीच्या टप्प्यातच नवं नाव द्यायला लागणार. तिथे कीप_अ‍ॅट्रिब्यूट्स मुद्दाम बंद.

कापूस_ते_कोड

फरकाच्या आलेखात अजून एक. दोन मितींच्या जाळीत ऋण आणि धन दोन्ही किमती असल्या की एक्सअरे आपोआप शून्याला मध्य धरून दुहेरी रंगपट्टी घेतं, लाल-निळी. पावसाच्या विचलनाला ते चांगलं. पण आमच्याकडच्या तापमानाला सेल्सिअसमध्ये ऋण किंमत नसते, तिथे साधी पट्टी येते. आणि कुणी रोबस्ट ट्रू लावलं तर 2 आणि 98 पर्सेंटाइलच्या बाहेरचं सगळं एकाच टोकाच्या रंगात जातं. अतिवृष्टीचा दिवसच नेमका सपाट होतो. पावसाच्या नकाशासाठी मी हवामान खात्याच्या श्रेणीच लेव्हल्स म्हणून देतो: 2.5, 15.6, 64.5, 115.6, 204.5 मिलिमीटर. मग 64.5 च्या पुढे जे दिसतं ते 'जोरदार पाऊस', आणि बातम्यांत ऐकलेल्या शब्दाशी नकाशा जुळतो.

अक्षांशरेखांश

खिंडारांवर येतो, कारण तिथे दोन मार्ग आहेत. एक, तयारीतच पंधरा मिनिटांची नियमित वेळमालिका करायची आणि रीइंडेक्सने जवळची नोंद घ्यायची, पाच मिनिटांची टॉलरन्स लावून. लॉगरचं घड्याळ काही सेकंद इकडेतिकडे सरकलेलं असतं, म्हणून टॉलरन्स हवीच. जिथे नोंद नाही तिथे नॅन (रिकामी किंमत) येतो आणि मॅटप्लॉटलिब नॅनवर रेघ तोडतं. दुसरा, प्लॉट करताना सलग वेळांमधला फरक काढायचा, मध्यकाच्या तिपटीहून मोठा असेल तिथे एक नॅनचा बिंदू घालायचा. मी पहिला वापरतो. लेयर पातळ राहतो.

विहिरीकाठी

इथे मात्र मी दुसऱ्याच्या बाजूने आहे, आणि कारण मांडतो.

तयारीचा टप्पा माणूस विसरू शकतो. विसरला तर कठड्याच्या बाबतीत एरर येईल, एककाच्या बाबतीत एरर येईल, पण खिंडाराच्या बाबतीत काहीच येणार नाही. एक गुळगुळीत, विश्वास बसेल अशी रेघ येईल. लॉगर बंद पडतात तेही नेमके उन्हाळ्यात, पाणी सेन्सरच्या खाली गेलं म्हणून किंवा बॅटरी तापली म्हणून. म्हणजे ज्या काळाबद्दल गावात वाद होतो, त्याच काळात ही खोटी रेघ. एका बैठकीत एका शेतकऱ्याने पडद्यावरच्या अशा सरळ उतारावर बोट ठेवून विचारलं, 'या दिवसांत तं माही मोटर बंद होती, मंग पानी रोज सारखंच कसं उतरलं?' त्या प्रश्नाला डेटा उत्तर देऊ शकत नव्हता, आणि आलेख मात्र उत्तर दिल्यासारखा दिसत होता.

डेटाचा अर्थ बदलणारं कोणतंही काम लेयरमध्ये नको. पण रेघ तोडल्याने डेटा बदलत नाही. जिथे माहिती नाही तिथे शाई नको, एवढंच. हे रेखाटनाचं काम आहे आणि ते लेयरचंच. नॅन घातलेली प्रत फक्त काढण्यापुरती, मूळ वस्तूला हात नाही. मर्यादा बदलायला 'खिंडार' हा एक पॅरामीटर ठेवेन. पूर्ण लेयरमध्ये माझ्या स्वतःच्या नावाचा तेवढा एकच.

अक्षांशरेखांश

पटलं. माझ्याकडे डेटा नियमितच येतो, म्हणून मला त्याची निकड नव्हती. फक्त टेस्ट लिहून ठेवा. चित्राशी चित्र ताडून पाहणाऱ्या टेस्ट फॉन्टच्या आवृत्तीनेही मोडतात. त्यापेक्षा परत आलेल्या रेघेतून वाय-डेटा काढा आणि खिंडाराच्या जागी नॅन आहे का ते तपासा. अक्ष उलटा आहे का हे चौकटीलाच विचारता येतं. वाय-लेबलचा मजकूर ताडून बघा. पडदा नसलेल्या मशीनवर एजीजी बॅकएंड (मॅटप्लॉटलिबचा चित्र उमटवणारा भाग) पुरतो.

नागपूरची_मृणाल

मराठी लेबलं कशी लावताय? मॅटप्लॉटलिबच्या मूळ डेजावू फॉन्टमध्ये देवनागरी नाही, रिकामे चौकोन येतात. नोटो सॅन्स देवनागरी लावला तर चौकोन जातात, पण माझ्याकडे एजीजीवर 'विहीर' लिहिलं की पहिली वेलांटी व च्या नंतर पडते आणि जोडाक्षरं सुटी होतात.

पुण्यातला_वऱ्हाडी

अक्षरांची जुळणी करणारा भाग लागतो त्याला. एमपीएलकैरो हा बॅकएंड राक्म ही अक्षरजुळणीची लायब्ररी वापरतो, त्यात देवनागरी नीट येते. इन्स्टॉल करणं जमत नसेल तर एसव्हीजीमध्ये (ब्राउझरात उघडणारा चित्रप्रकार) साठवा आणि एसव्हीजी डॉट फॉन्टटाइप 'नन' करा. मग मजकूर मजकूरच राहतो आणि ब्राउझर तो बरोबर जुळवतो. ही सेटिंग साठवताना वाचली जाते, म्हणून संदर्भ-ब्लॉक सेव्हच्या ओळीभोवती हवा, प्लॉटच्या ओळीभोवती नाही.

विहिरीकाठी

@पुण्यातला_वऱ्हाडी, एसव्हीजीचा मार्ग उत्तम चालला. ग्रामपंचायतीच्या संगणकावर ब्राउझरमधूनच छापतो, त्यामुळे वेगळं काही बसवायची गरज पडली नाही. व्हॉट्सअ‍ॅपसाठी ब्राउझरमधून पीएनजी करून घेतो. हे सगळं झटपटमध्ये गेलं, खालच्या लेयरला फॉन्ट माहीत नाही. मराठी नावं डेटासेटमध्ये लाँग_नेममध्ये आहेत, स्टँडर्ड नेम सीएफचंच इंग्रजी. एकाच वस्तूवर दोन्ही, भांडण नाही.

खारपाण

आम्ही पूर्णेच्या खोऱ्यातले, दर्यापूरकडचे. इथे पातळीइतकीच क्षारता महत्त्वाची. विद्युतवाहकतेच्या नोंदी तुमच्या लेयरमध्ये बसतील का? की तो फक्त खोलीचाच आहे?

विहिरीकाठी

@खारपाण, बसतील, आणि त्यासाठी लेयरमध्ये एक ओळही वाढवायची नाही. वाहकतेच्या व्हेरिएबलवर नाव आणि एकक लिहा. स्टँडर्ड नेम खोलीचं नसल्याने अक्ष सरळ राहील, खिंडारं तशीच तुटतील. लेयरला विहीर म्हणजे काय हे माहीत नाही याचा फायदा इथेच होतो.

संत्रापट्टा

भाऊ, पोरीनं काढला आलेख. रेघ तुटलेली पाहून लोकच विचारून राहिले का इथं काय झालं, तं आता लॉगर बंद पडला का कोणी ना कोणी लगेच फोन करते. आता पावसाचं सांगा. तहसीलच्या पावसाचे आकडे तारखेनं भेटतात. ते पातळीच्या वर स्तंभात लावले तं पाऊस पडाच्या आधीच विहीर वर आल्यासारखी दिसते. हे कसं?

भूजलताई

@संत्रापट्टा दादा, विहीर बरोबर आहे, स्तंभाची जागा चुकते आहे. पावसाची तारीख सकाळी साडेआठची असते. 12 तारखेचा पाऊस म्हणजे 11 च्या सकाळी 8:30 पासून 12 च्या सकाळी 8:30 पर्यंतचा. स्तंभ 12 तारखेच्या मध्यरात्रीपासून पुढे काढला तर 11 च्या दुपारी पडलेला पाऊस 12 मध्ये दिसतो, आणि विहीर तर 11 च्या रात्रीच उठलेली असते.

अक्षांशरेखांश

तयारीत वेळेचा निर्देशांक त्या तारखेच्या 8:30 वर न्या. मग बारला रुंदी उणे एक दिवस आणि अलाइन 'एज' द्या. रुंदी ऋण दिली की स्तंभाची उजवी कड त्या वेळेवर बसते आणि स्तंभ मागच्या चोवीस तासांवर पसरतो. एक तपासा: लॉगरची वेळ भारतीय आहे की यूटीसी (जागतिक प्रमाण वेळ)? नमपायच्या (एक्सअरेच्या खालची आकड्यांची लायब्ररी) वेळेला टाइमझोन नसतो, आलेख काहीही न बोलता साडेपाच तास सरकलेला येईल. यूटीसी असेल तर 8:30 च्या जागी 3:00 धरा.

विहिरीकाठी

आमचे लॉगर यूटीसीत आहेत. तयारीच्या फंक्शनमध्ये दोन्ही मालिका भारतीय वेळेवर आणतो आणि वेळेच्या निर्देशांकावर तसं अ‍ॅट्रिब्यूट लिहितो. एकाच चौकटीत दोन वेगळ्या वेळा आल्या तर संदर्भपातळीसारखीच एरर. @संत्रापट्टा दादा, ताईला नवी फाइल पाठवतो. वरच्या चौकटीत पाऊस, खालच्या चौकटीत पातळी, वेळेचा अक्ष एकच, आणि वर्षाची सुरुवात 1 जूनपासून.